वाटेत सांडणारा उजेड

सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता रात्री धरला की दोन्ही अंगांना केळीची रानं आणि समोरून केळी भरलेले ट्रक. एक ट्रक गेला की दुसरा. त्यांच्या झोतात जुन्या जीपवाल्याला आपल्या गाडीचे दिवे चालू आहेत की बंद, हे बघायला खाली उतरावं लागेल अशी गत असते. दिवे लागलेले असतात, पण तांबूस, चुलीतल्या विझत्या निखाऱ्यासारखे. वायरमनकडे गेलं की तक्रार एका ओळीची असते: "भो, लाईट मंद शे." उपायही एका ओळीचा मिळतो: नवीन एलईडी टाका.

दिवा बदलायला हरकत काहीच नाही. पण नवा दिवा त्याच जुन्या वायरिंगवर लावणं म्हणजे गळक्या पाइपलाइनीला भारीतली तोटी बसवणं. आधी पाणी कुठे सांडतंय ते बघावं. हे बघायला दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरतो, आणि तेवढंच नेमकं कुणी करत नाही.

महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये किंवा अँबॅसडरमध्ये वीज बल्बपर्यंत कशी पोचते, ते एकदा बोटाने वायर धरून बघण्यासारखं आहे. बॅटरीतून निघाली की स्टार्टरच्या बोल्टवर. तिथून आत डॅशबोर्डावर, अँपिअर मीटर असेल तर त्याच्या पोटातून. मग लाइटचा स्विच. मग पायाखालचा किंवा दांडीवरचा डिपर, म्हणजे झोत खाली-वर करणारा स्विच. मग फ्यूज. मग पुन्हा बॉनेटखालून पुढे, जाळीच्या मागे, दोन फाटे फुटून दोन दिव्यांत. जाऊन-येऊन पाच-सहा मीटर वायर आणि वाटेत आठ-दहा जोड. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा हे सगळं ठीक होतं, कारण जोड चकचकीत होते. तीस वर्षांत तांब्यावर हिरवट थर चढतो, स्विचच्या आतल्या पत्र्या जळून काळ्या पडतात, फ्यूजच्या पकडी सैल होतात.

आता हिशोब. एच-४ हा दोन फिलामेंटचा, म्हणजे तापून उजळणाऱ्या दोन तारांचा हॅलोजन बल्ब. त्याचं डिपरचं, म्हणजे खालच्या झोताचं फिलामेंट ५५ वॅटचं, अपरचं, म्हणजे लांबच्या झोताचं ६० वॅटचं. दोन दिव्यांचे डिपरचे मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सव्वानऊ अँपिअर. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण १७ मिलिओम रोध असतो. सहा मीटरला ०.१ ओम झाला. त्यातून सव्वानऊ अँपिअर गेले की जवळपास एक व्होल्ट निव्वळ वायरीतच संपला. एखाद्या काळवंडलेल्या जोडात २० मिलिओम धरले तर तिथे आणखी ०.१८ व्होल्ट. असे चार-पाच जोड, वर स्विच, वर गंजलेली अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतायची वाट. दोन-अडीच व्होल्टांची गळती जुन्या गाडीत अगदी नेहमीची.

अडीच व्होल्ट म्हणजे थोडंच, असं वाटतं. हॅलोजनच्या तारेला तसं वाटत नाही. तिचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड तीस टक्क्यांनी पडतो. वीस टक्के कमी झालं की निम्म्याहूनही कमी उरतो. म्हणजे बॅटरीवर १३.५ असताना बल्बला ११ मिळत असतील, तर पैसे पूर्ण बल्बचे दिले आणि उजेड अर्ध्या बल्बचा घेतला.

ही गळती मोजताना एक चूक हमखास होते. बल्बचं कपलर, म्हणजे मागे खोचलेला वायरींचा प्लग, काढून त्यात मीटरच्या पिना घातल्या जातात, १२.६ व्होल्ट दिसतात आणि "लाइन तर बरोबर येतेय" असा निकाल लागतो. खान्देशात ठिबक लावणाऱ्याला हे सांगायची गरज पडू नये. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर दाब पूर्णच दिसतो. शेवटच्या ओळीला पाणी पोचतं की नाही ते व्हॉल्व्ह उघडल्यावर कळतं. वीज वाहत नाही तोवर गळती दिसत नाही. म्हणून कपलर बल्बला लावूनच ठेवायचं, इंजिन चालू, दिवे चालू. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी पिन कपलरच्या मागच्या बाजूने डिपरच्या वायरीत टोचायची. जो आकडा दिसेल तो येण्याच्या वाटेतला तोटा. ०.३ पर्यंत उत्तम, ०.५ चालवून घेण्यासारखा, एकच्या वर गेला की वायरिंग बदला. मग एक पिन बल्बच्या अर्थच्या वायरीत आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. हा परतीच्या वाटेतला तोटा, ०.२ च्या आत हवा. परतीची वाट लोक विसरतात. जुन्या जीपमध्ये दिव्याची अर्थ पुढच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली असते, तो पत्रा चॅसिसला बोल्टने, आणि मध्ये तीन वेळा दिलेला रंग. रंगातून वीज जात नाही.

अर्थ तुटल्याची एक खूण इतकी हुबेहूब आहे की मीटरशिवाय ओळखता येते. डिपर लावला की एक दिवा ठीक, दुसरा तांबडा, आणि डॅशबोर्डावरचा अपरचा निळा दिवा अर्धवट तेवतोय. अपर तर लावलेलाच नाही! घडतं असं: त्या तांबड्या दिव्याची अर्थ गेलेली असते. डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या विजेला खाली उतरायला वाट नसते, म्हणून ती त्याच बल्बच्या अपरच्या फिलामेंटमधून उलटी वर चढते, अपरच्या वायरीतून दुसऱ्या दिव्यात जाते आणि त्याच्या अपरच्या फिलामेंटमधून तिथल्या चांगल्या अर्थला पोचते. तीन फिलामेंट एका माळेत. मधल्या अपरच्या वायरीवर तिसरा हिस्सा, चारेक व्होल्ट उभे राहतात आणि निळा दिवा तेवढ्यावर मिणमिणतो. अशा गाडीला नवीन स्विच, नवीन डिपर, नवीन बल्ब सगळं टाकून झालेलं असतं, आणि शेवटी सापडतो तो गंजलेला एक स्क्रू.

दोन्ही दिवे सारखेच मंद असतील तर दोष दोघांच्या सामाईक वाटेत: स्विच, डिपर, अँपिअर मीटर, मुख्य फ्यूज. एकच मंद असेल तर त्याच्या स्वतःच्या फाट्यात किंवा अर्थमध्ये. एवढं विभाजन केलं तरी अर्धं काम संपतं.

गोल दिव्याच्या गाडीवाल्याचं मात्र एका बाबतीत नशीब थोर. १९४० साली अमेरिकेत सात इंची गोल सील्ड बीमचं, म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि तार एकाच बंद गोळ्यात असलेल्या दिव्याचं माप ठरलं आणि पुढे ते जगभर पसरलं. त्यामुळे जुन्या विलिस घराण्याच्या जीपपासून अँबॅसडर, पद्मिनी, जिप्सीपर्यंत एकच माप चालत आलं. बुलेटचा दिवाही त्याच मापाचा. सील्ड बीम गेला की अख्खा काचेचा गोळाच फेकावा लागायचा. १९७१ मध्ये दोन फिलामेंटचा एच-४ हॅलोजन आला. त्याच्या दिव्यात काच-रिफ्लेक्टर कायम ठेवून फक्त बल्ब बदलता येतो. आजही सील्ड बीम असलेल्या गाडीला चांगल्या काचेचा एच-४ दिवा लावणं ही सगळ्यात शहाणी सुधारणा आहे, असं आमचं स्पष्ट मत. रिफ्लेक्टर चकचकीत, काच स्वच्छ, साधा ६०/५५ चा बल्ब आणि त्याला पूर्ण व्होल्टेज. एवढ्यावर जो उजेड पडतो तो बघून निम्मे लोक एलईडीचा विचार सोडून देतात.

१००/९० चा बल्ब टाकायचा मोह आवरावा. दोन्ही अपर मिळून २०० वॅट, पावणेसतरा अँपिअर. जुना स्विच आणि डिपर हा भार सोसायला बनवलेलेच नाहीत. आधी प्लास्टिकचा करपट वास येतो, मग होल्डर तपकिरी होतो, मग वितळून पिनांना चिकटतो. रिफ्लेक्टरचा चकाकता थरही उष्णतेने काळवंडतो, म्हणजे वॅट वाढवून उजेड घटवला.

काम करायचं ते रिलेचं, म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचचं. कल्पना सोपी आहे. जुन्या लांबच्या वाटेवरून मोठा प्रवाह न्यायचा नाही. तिच्यावरून फक्त निरोप पाठवायचा. निरोपाला ०.१५ ते ०.२ अँपिअर पुरतात. खरी वीज बॅटरीतून जाड वायरीने थेट रिलेत आणि तिथून हातभर अंतरावर बल्बात. स्विच आणि डिपर मग शंभर वर्षं टिकोत.

सामान: १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचे दोन रिले, बेससकट. एक डिपरला, एक अपरला. बॅटरीपासून रिलेपर्यंत ४ चौरस मिमी वायर दीड-दोन मीटर. रिलेपासून दिव्यांपर्यंत आणि दिव्यांपासून अर्थपर्यंत २.५ चौरस मिमी, सात-आठ मीटर. निरोपाला १ चौरस मिमी दोन मीटर. दुकानात तारांच्या संख्येवर वायर मागायची असेल तर ०.३ मिमीच्या १४ तारा म्हणजे साधारण एक चौरस मिमी, ३५ तारा म्हणजे अडीच. मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा हिरवा, आणि १० अँपिअरचे लाल चार. एच-४ चे सिरॅमिक होल्डर दोन. वायरीच्या टोकाला दाबायचे रिंग लग आणि स्पेड लग, श्रिंक स्लीव्ह, आणि वायरींवर घालायला काळा फ्लेक्झिबल पाइप.

एक गोष्ट खास हायवेवरच्या दुकानांसाठी. धुळ्यापासून मुक्ताईनगरपर्यंत या दुकानांचं गिऱ्हाईक मुख्यतः ट्रकवाले, आणि ट्रक असतात २४ व्होल्टचे. रिले मागितला की हाताला येतो तो २४ चा असू शकतो. दिसायला अगदी तोच. १२ व्होल्टवर तो एक तर ओढतच नाही, किंवा कधी ओढतो, कधी नाही. बल्बचंही तेच, ७५/७० लिहिलेला एच-४ हा ट्रकचा, आपल्या गाडीत तो मेणबत्ती होतो. अंगावरचं छापील वाचून मगच पैसे द्या.

जोडणी करताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून बाजूला. रिलेच्या बुडाशी ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. हे जर्मन मानकाचे आकडे, सगळ्या कंपन्या तेच वापरतात. ३० वर बॅटरीची वीज, ८७ वर दिव्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ ही निरोप घेणाऱ्या कॉइलची दोन टोकं. पाचवी ८७-ए पिन असेल तर ती मोकळी ठेवायची. तिच्यावर चुकून दिवा जोडला तर स्विच बंद असताना दिवा लागतो आणि लावला की विझतो. जुनं कपलर एका दिव्याचं घ्यायचं. त्यातली डिपरची वायर पहिल्या रिलेच्या ८६ वर, अपरची दुसऱ्याच्या ८६ वर, दोन्ही ८५ अर्थला. दुसऱ्या दिव्याचं जुनं कपलर आता रिकामं राहतं, पण त्यात वीज येतच असते. त्याला टोपी घालून, स्लीव्ह चढवून बांधून टाका. लोंबतं ठेवलं की पहिल्या खड्ड्यात पत्र्याला लागतं.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. आणि १० अँपिअरचे चार फ्यूज कशाला, दोन्ही डिपरला मिळून एक का नको, असं विचारतात. कन्नडचा घाट डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात धुकं, समोर गाड्यांची रांग, डाव्या हाताला दरी. एका दिव्याची वायर कुठे तरी शॉर्ट झाली आणि सामाईक फ्यूज उडाला, तर वळणावर दोन्ही डोळे एकदम गेले. प्रत्येक फिलामेंटला स्वतंत्र फ्यूज असेल तर एक जातो, तीन उरतात. खर्च शंभर-दीडशे रुपयांचा. फिलामेंट ५ अँपिअरच घेतं, तरी फ्यूज १० चा, कारण थंड फिलामेंट पेटताना क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढतं. साडेसातचा फ्यूज विनाकारण थकून मरतो.

जोड पिळून टेप गुंडाळायची पद्धत इथे चालत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास खेळतो, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. त्या तापात काळ्या टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टेप सुटते, वर धूळ बसते. सोल्डरचंही आम्ही मर्यादेतच कौतुक करतो. सोल्डर जिथे संपतं तिथे लवचिक वायर एकदम ताठ होते आणि जीपच्या थरथरीने नेमकी त्या रेषेवर तुटते. लग चांगल्या क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबा, मग जोर लावून ओढून बघा. निघून आला तर तो रस्त्यात निघणारच होता. वर स्लीव्ह चढवून गरम करा. रिले बसवताना पिना खाली, टोपी वर, आणि वायर आधी खाली झुकून मग वर जाईल असा झोळ ठेवायचा, म्हणजे पाणी टोकाला गळून जातं, पिनेपर्यंत चढत नाही. काळ्या मातीचा चिखल धुवायला गाडी प्रेशरखाली घालतातच. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. उंदरांवर मात्र खात्रीचा इलाज नाही. पाइप घातलेली वायर ते जरा उशिरा कुरतडतात, इतकंच.

अँपिअर मीटर असलेल्या जीपमध्ये एक गंमत होते. रिलेची वीज थेट बॅटरीच्या टोकावरून घेतली की दिवे लावल्यावर काटा जोरात चार्जिंग दाखवायला लागतो. अल्टरनेटर दिव्यांसाठी पाठवत असलेली वीजही मीटरमधून बॅटरीकडे येते आणि मीटरला वाटतं सगळं बॅटरीतच चाललंय. बिघाड काही नाही. ते खटकत असेल तर वीज अल्टरनेटरच्या जाड बोल्टवरून घ्या, फ्यूज तिथेच जवळ.

इथवर झालं की एलईडीकडे जायला हरकत नाही. सात इंची अख्खा एलईडी दिवा आणि एच-४ च्या जागी खोचायचा एलईडी बल्ब, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीच्या आम्ही विरोधात आहोत. एच-४ चा बल्ब हातात घेऊन बघा: डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटीशी पत्र्याची वाटी असते. तिच्यामुळे फिलामेंटचा उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. रिफ्लेक्टरचं सगळं वळण त्या केसाएवढ्या तारेच्या जागेवर बेतलेलं असतं. एलईडी बल्बात तारेच्या जागी एक चपटी पट्टी आणि तिच्या दोन अंगांना चिप. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक काचेबाहेर मोठा होतो: बंपरपुढे पांढरा लख्ख डाग, लांबवर अंधार, आणि उरलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. चालवणाऱ्याला डाग दिसतो, तो खूश. सायकलवर भारा घेऊन येणाऱ्याला काहीच दिसत नाही.

अख्खा एलईडी दिवा घेताना मागची खोली मोजा. त्याच्या पाठीवर उष्णता फेकणारे पंख असतात आणि जुन्या गाडीच्या वाटीत ते टेकतात. वाटी कापण्यापेक्षा कमी खोलीचा दिवा शोधावा. दुसरं, काचेवरची खूण. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिपरचा झोत डाव्या कडेला वर चढलेला हवा, म्हणजे कडेची बैलगाडी दिसते आणि समोरचा दिपत नाही. युरोपी मानकाच्या काचेवर, समोर उभं राहून पाहिलं तर उजवीकडे तोंड केलेला आडवा बाण असेल तर तो दिवा डावीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे कित्येक दिवे उलट्या बाजूला चढणारे असतात. ते कितीही नीट लावा, ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जाणारच.

तिसरं दुखणं जपानी घराण्याच्या गाड्यांचं. यातल्या पुष्कळ गाड्यांत, सुझुकीच्या जुन्या गाड्यांतही, स्विच पॉझिटिव्ह तोडत-जोडत नाही, निगेटिव्ह तोडतो-जोडतो. बल्बच्या सामाईक पिनेवर अर्थऐवजी पॉझिटिव्ह येतो, आणि डिपर-अपर निवडायला निगेटिव्ह. फिलामेंटला दिशा नसते, म्हणून हॅलोजन निमूट जळतो. एलईडीला दिशा असते. मग दिवा लागतच नाही, किंवा डिपर लागतो आणि अपर नाही, किंवा निळा दिवा कायमचा चालू. दिवा खराब निघाला म्हणून दुकानात परत नेला जातो, दुसरा आणला जातो, तोही तसाच. जिप्सीवाल्याने एलईडी घेण्याआधीच कपलरच्या तिन्ही पिना मीटरवर तपासाव्यात: डिपर लावल्यावर ज्या पिनेला अर्थच्या तुलनेत १२ व्होल्ट आहेत आणि डिपर-अपर बदलूनही जी हलत नाही, ती सामाईक पॉझिटिव्ह. तशी सापडली तर उपाय वरच्या दोन रिलेंतच आहे. ८६ वर ही सामाईक पॉझिटिव्ह, ८५ वर डिपरची किंवा अपरची निगेटिव्ह. कॉइलला उलटं-सुलटं चालतं. बाहेर ८७ वरून निघते ती सरळ पॉझिटिव्ह, आणि दिव्याची अर्थ खरीखुरी अर्थ. फक्त रिलेच्या अंगावरच्या नकाशात कॉइलशेजारी त्रिकोण-रेघेची डायोडची खूण असेल तर जपा. तो रिले उलटा जोडला की थेट शॉर्ट.

एलईडी लावल्यावर गाडीची जुनी पापं बाहेर येतात. हॅलोजनची तार तापलेली असते, क्षणभर वीज तुटली तरी तेवत राहते आणि सैल जोड झाकून नेते. एलईडी झाकत नाही. सैल लग असेल तर खडबडीत रस्त्यावर लुकलुकतो. डायनमो आणि थरथरत्या पत्र्यांचा जुना रेग्युलेटर असेल तर आयडलला त्याची थरथर दिव्यात दिसते. चार्जिंग १४.५ च्या वर जात असेल तर दिव्याआधी रेग्युलेटर बदला. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायची जी जुनी परीक्षा आहे, अल्टरनेटर चालतो का बघायची, ती एलईडीवाल्या गाडीवर कधीही करू नका. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि दिव्याच्या पोटातलं सर्किट एका झटक्यात जातं. सैल टर्मिनलही तेच काम हळूहळू करतं.

पांढऱ्या-निळ्या रंगाची हौस जरा आवरती घ्यावी. ओल्या डांबरावर ६५०० केल्विनचा निळसर उजेड रस्ता दाखवण्याऐवजी पावसाचे थेंबच चमकवतो. ४३०० ते ५००० च्या मधला डोळ्यांना निवांत. शिवाय एलईडीची काच थंड राहते. आत दमट हवा शिरली की हॅलोजनसारखी ती आपोआप सुकत नाही. मागच्या बाजूचं श्वासछिद्र मातीने बुजलेलं नाही ना, ते बघत जा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १०६ वा नियम झोत खाली वळवण्याबद्दल: दिव्यापुढे ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवता कामा नये. मूळ मापाचा, मूळ वॅटचा आणि प्रमाणित दिवा लावला तर आरटीओत मान खाली घालावी लागत नाही. निळे-जांभळे झोत लावून फिरणाऱ्यांनी आपापलं बघावं.

शेवटचं काम झोत लावण्याचं, आणि तेच बहुतेकदा राहून जातं. दिवे बदलले, बिल झालं, गाडी निघाली. सपाट जागा आणि एक भिंत हवी; जिनिंगच्या आवारातली किंवा शाळेच्या मागची चालते. टायरमध्ये नेमकी हवा, टाकी अर्धी, चालकाच्या जागेवर माणूस बसलेला. गाडी भिंतीला टेकवून दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर घ्या, आडवी रेघ मारा आणि दिव्यांच्या समोर दोन उभ्या रेघा. मग गाडी सरळ मागे, १० मीटर. डिपर लावा, एक दिवा पोत्याने झाका. झोताची वरची कड आडव्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली हवी, आणि डावीकडे चढण जिथे सुरू होते तो कोपरा उभ्या रेघेवर. दिव्याच्या कडेला दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावा-उजवा. गंजले असतील तर आदल्या दिवशी तेल सोडून ठेवा, नाही तर डिसमिस फिरेल आणि मागचं प्लास्टिक तुटेल. एकानंतर दुसरा दिवा. जागा नसेल तर ५ मीटरवर ५ सेंटिमीटर, पण मग भिंतीवरची चूक रस्त्यावर दुप्पट होते.

मागे कांद्याची पोती किंवा सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेली दहा माणसं बसली की जीपचं बूड दबतं, नाक वर होतं आणि भिंतीवर दहा सेंटिमीटर खाली असलेला झोत रेघेच्या वर चढतो. रोज भरूनच चालणारी गाडी असेल तर भरलेलीच उभी करून झोत लावा. भिंतीवरची रेघ खडूने मारण्यापेक्षा गेरूने मारावी. पावसाळ्यानंतर पाटे दबले, टायर बदलले की पुन्हा त्याच भिंतीसमोर यायचंच असतं.